दोन टाक्या, एक पंप आणि सासरे

वीज जाण्याचा प्रश्न मी सोडवला आहे. निदान माझ्या घरापुरता तरी!

मी जस्ताच्या बॅटरीवर संशोधन करतो. दोन टाक्यांत दोन द्रावणं, मधे एक पातळ पडदा आणि द्रावणं फिरवत ठेवणारा पंप. चार्ज होताना जस्त पत्र्यावर बसतं. पण गुण्यागोविंदानं बसेल तर शपथ! त्याला सुया फुटतात आणि त्या पडदा फाडतात. त्या सुया बंद करण्यात माझी सहा वर्षं गेली.

त्यामुळे 'बुधवारी दहा ते पाच वीज बंद' ही नोटीस वाचून मी चक्क हसलो. बुधवारीच अकराला बायकोची बढतीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. चौथा प्रयत्न! तिच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली.

"बाबांचा इन्व्हर्टर मागवू का?" तिनं विचारलं.

"घरात शास्त्रज्ञ असताना?"

"म्हणूनच विचारतेय!"

बुधवारी सकाळी सासरे इन्व्हर्टर घेऊन हजर. निवृत्त वायरमन. मी प्रयोगशाळेतून आणून हॉलमध्ये मांडलेल्या टाक्यांत डोकावून म्हणाले, "जावईबापू, कपडे भिजत घातलेत का?"

मी त्यांना जस्ताच्या सुया समजावून सांगितल्या. ते बसल्या बसल्या झोपले.

दहाला वीज गेली. पावणेअकराला मी ऐटीत लॅपटॉप आणि राउटर बॅटरीला जोडले. दोन मिनिटं सगळं झकास, मग ठप्प!

"सुया!" मी ओरडलो आणि पाना घेऊन बोल्ट सैल केला. द्रावणाची चिळकांडी थेट बायकोच्या इस्त्रीच्या कुर्त्यावर!

"अहो, मुलाखतीला दहा मिनिटं राहिलीत!" ती रडकुंडीला आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासरे जागे झाले. पंपाची वायर धरून भिंतीपर्यंत चालत गेले.

"जावईबापू, हा पंप या प्लगवर चालतो? यात तर वीज नाही."

सहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेत वीज कधी जातच नाही ना!

मी बोल्ट आवळला आणि झडप घालून पंप त्यांच्या इन्व्हर्टरला जोडला. गुर्रर्र! द्रावण फिरलं, लॅपटॉप उजळला. कुर्ता बदलून बायको बरोबर अकराला स्क्रीनसमोर बसली.

बाराला ती नाचतच बाहेर आली. बढती पक्की! मी टाकीवर थाप मारली. "शेवटी जस्तच धावून आलं!"

"एक विचारू?" सासरे हळूच म्हणाले. "लॅपटॉपच इन्व्हर्टरला लावला असता तर?"

या प्रश्नावर माझं संशोधन चालू आहे. सहाएक वर्षं लागतील.