सिंह न पाहिलेले खांबेटेकाका

मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीतले खांबेटेकाका पाच वेळा आफ्रिकेतल्या एकाच अभयारण्यात, नदीकाठच्या एकाच कॅम्पात राहून आले होते, आणि त्यांनी सिंह पाहिलेला नव्हता.

लोक आधी हळहळायचे. "अरेरे, दिसलाच नाही का?"

"दिसला नाही असं नाही. बघायला गेलोच नाही."

मग हळहळणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मिनेसोटाहून दीड दिवस विमानात अवघडून बसायचं, वर पाच तास गाडीचा प्रवास, आणि तिथे पोचल्यावर सिंह बघायला जायचं नाही? "काका, निदान इथल्या झूमध्ये तरी बघून या," असं कोणीतरी सुचवायचंच.

"झूमधला सिंह रिटायर्ड असतो," काका म्हणायचे. "रिटायर्ड प्राणी मी रोज आरशात बघतो."

काका आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. वय बहात्तर, लग्न केलेलं नाही, सारी नोकरी पंप डिझाइन करण्यात गेली. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं: "आहेही आणि नाहीही." चहा घेणार का, तर "हवाही आहे आणि नकोही." यावर माझ्या बायकोनं, मेधानं, उपाय काढला आहे. ती अर्धा कप देते.

त्यांचा दुसरा गुण वर्णनाचा. घरामागच्या डेकवर खार चढली, एवढी बातमी सांगायला काकांना चाळीस मिनिटं लागतात. खार कुठून आली, थांबली तेव्हा पुढचा कुठला पाय वर होता, शेपटीवर ऊन कसं पडलं होतं. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ते बोलायला लागले की माणसं एकेक करून पातळ होतात. कोणाला फोन येतो, कोणाला ओव्हनमधलं काहीतरी आठवतं. मीही बर्फ आणायला म्हणून गराजमध्ये गेलो आहे, आणि तिथे माझ्याआधी तीन माणसं बर्फ आणायला आलेली पाहिली आहेत. खार झाडावर परत जाईपर्यंत काकांच्या समोर बहुतेक वेळा फक्त समोशांचा ट्रे उरलेला असतो. ते ट्रेला सांगून गोष्ट पूर्ण करतात.

गेल्या उन्हाळ्यात मेधा म्हणाली, "आपणही जाऊ या ना आफ्रिकेला. काकांना सगळं माहिती आहे, गाइडचा प्रश्नच नाही."

मी काकांना विचारलं, "तुमच्याबरोबर आलो तर चालेल का?"

त्यांनी बराच विचार केला. "चालेलही आणि..." एवढं बोलून ते थांबले. मेधानं तेवढ्यात तिकिटं बुक केली.

कॅम्प सुरेख होता. गवताच्या छपराच्या गोल झोपड्या, प्रत्येकीला व्हरांडा, व्हरांड्यातच शेगडी आणि फ्रिज. माकडं फ्रिज उघडतात म्हणून त्याला जाळीचं दार. कुंपणापलीकडे उतार, आणि खाली नदी. पावसाळा नसल्यामुळे नदी कमी आणि वाळू जास्त. एका डोहात पाणघोडे बसले होते, दगड समजून मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं होतं.

पहाटे फाटक उघडलं की जंगलात गाडी न्यायची आणि संध्याकाळी बंद व्हायच्या आत परतायचं, असा नियम. पहिल्याच सकाळी आम्ही टोप्या घालून तयार झालो. काका इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून व्हरांड्यात उभे. हातात थर्मास आणि दोन मग.

"चला काका."

"तुम्ही जा. मी इथे आहे."

"दुसरा मग कोणाला?" मेधानं विचारलं.

"तो आहेही..." काका म्हणाले आणि नदीच्या दिशेनं चालू लागले.

आम्हाला त्या दिवशी सिंह दिसला. रस्त्याच्या कडेला, गाडीपासून चार हातांवर. मी काच वर केली, मेधानं व्हिडिओ काढला. संध्याकाळी धावत काकांकडे आलो. काका खूश होतील असं वाटलं होतं, पण त्यांनी आमची उलटतपासणीच सुरू केली. "जांभई देताना डोळे मिटतो का? आयाळ मानेजवळ काळी की तांबूस? उठताना आधी पुढचे पाय की मागचे?"

"अहो, हा घ्या व्हिडिओ, बघा ना!" मेधानं फोन पुढे केला.

काकांनी मान फिरवली. "नको नको. तू सांग. सांगता आलं पाहिजे."

आम्ही दोघं त्या रात्री सिंह कसा उठतो यावरून भांडलो. मेधा म्हणे पुढचे पाय, मी म्हणे मागचे. काका दोघांकडे आळीपाळीनं बघत होते, परीक्षकासारखे.

दुसऱ्या दिवशी तेच. इस्त्रीचा शर्ट, थर्मास, दोन मग. मेधा गाडीत म्हणाली, "प्रकरण आहे."

"बहात्तराव्या वर्षी?"

"शर्ट बघितलास का? आपल्या घरी येताना कधी इस्त्री असते?"

तिसऱ्या दिवशी आमच्या गाडीचं चाक पंक्चर झालं आणि आम्ही दहाच्या सुमाराला कॅम्पात परतलो. नदीकडे तोंड करून जे लाकडी बाक आहेत, त्यातल्या शेवटच्या बाकावर काका बसले होते. शेजारी पांढऱ्या केसांच्या, काळा चष्मा लावलेल्या एक आजीबाई. पायाशी पांढरी काठी. काकांच्या डोळ्यांना दुर्बीण लावलेली आणि तोंड अखंड चालू.

"वॉटरबक हरीण, मॅडम. फीमेल. पाण्यापाशी आली. थांबली. पुढचा उजवा पाय वर. विचार करतेय. नाही, खाली ठेवला. मागे पांढरा गोल आहे, नुकत्याच रंगवलेल्या कमोडवर बसून उठल्यासारखा."

आजीबाई खळखळून हसल्या. "मिस्टर के, पाणी आज कुठल्या रंगाचं आहे?"

"वरच्या बाजूला दूध घातलेल्या चहाचं. खाली बिनदुधाच्या."

आम्ही मागे उभे. मेधाचं प्रकरण तिथल्या तिथे मिटलं. काकांनी आम्हाला पाहिलं, आणि चोरी पकडल्यासारखे उठले. ओळख करून दिली. या हेलेनामॅडम. डोळे गेल्याला बरीच वर्षं झाली. नवरा होता तेव्हा दर वर्षी इथे येऊन तो त्यांना नदी सांगायचा. आता भाची घेऊन येते आणि स्वतः कॅमेरा घेऊन दिवसभर जंगलात असते. काका पहिल्या वर्षी टूर ग्रुपबरोबर आले होते. पोट बिघडलं म्हणून मागे राहिले, या बाकावर येऊन बसले, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय दिसतंय?" त्यानंतर दर वर्षी निघतानाच पुढच्या वर्षीच्या तारखा ठरतात.

"मी गेलो असतो सिंह बघायला," काका मला मराठीत पुटपुटले, "पण यांना गाडीत बसवत नाही. मग इथे कोण सांगणार?"

एवढ्यात त्यांनी दुर्बीण उचलली आणि आवाज खाली आणला. "मॅडम. लायन. डाव्या काठावर."

मी काठाकडे बघितलं. काठावर काहीही नव्हतं. एक बगळा होता, तोही निघण्याच्या बेतात.

"मोठा नर," काका म्हणाले. "मानेजवळ आयाळ काळी. जांभई देतोय, डोळे मिटून. आता उठला. आधी पुढचे पाय."

मेधानं मला कोपरानं ढोसलं.

थोड्या वेळानं थर्मास संपला आणि काका चहा करायला झोपडीकडे गेले. मेधाही मदतीला गेली. हेलेनामॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तिथे सिंह नाहीये ना?"

"म्हणजे... बगळा आहे," मी म्हणालो.

"घाबरू नका. सिंह आला की पलीकडच्या झाडांतली माकडं किंचाळतात. माझे कान चांगले आहेत. पण ते इतकी मेहनत घेतात! या वर्षी त्यांचा सिंह फारच चांगला आहे. गेल्या वर्षी तो म्हशीसारखा उठला होता." त्या हसल्या, मग म्हणाल्या, "मी इतकी माणसं ऐकली आहेत. असं सांगणारं दुसरं कोणी नाही. तुमच्या गावात यांना ऐकायला गर्दी होत असेल, नाही?"

मला गराज आठवलं. बर्फ आणायला आलेली ती तीन माणसं आठवली, आणि चौथा मी.

"हो," मी म्हणालो. "खूप गर्दी होते."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या.

काका चहा घेऊन आले. मेधानं मला पूर्ण कप दिला आणि काकांना अर्धा. आम्ही चौघं ओळीनं बसलो. पलीकडून हत्तीण उतरू लागली. खरीच हत्तीण, अगदी डोळ्यांसमोर. काकांनी सांगायला सुरुवात केली, सोंडेपासून. मला काय वाटलं कोण जाणे, मी मध्येच इंग्रजीत म्हणालो, "आणि मागे एक पिल्लूसुद्धा आहे."

काकांनी दुर्बीण झटकन खाली घेतली. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोणाची तरी वस्तू न विचारता उचलली होती. मराठीत, दबक्या आवाजात म्हणाले, "निखिल, पिल्लू कुठंय? त्यांना उगाच काहीतरी सांगायचं नाही. विश्वास असतो त्यांचा."

"चुकलं काका."

हेलेनामॅडमना मराठी येत नाही. त्या नदीकडे तोंड करून, चहाचा मग दोन्ही हातांत धरून, हसू दाबत बसल्या होत्या. "केवढं आहे पिल्लू, मिस्टर के?"

हत्तीण पाण्यात शिरली, एकटीच. काकांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली, चाक फिरवून नीट केली, आणि म्हणाले, "लहान आहे, मॅडम. अगदी लहान. आईच्या पोटाखालून चालतंय. थांबा, सांगतो."