आईनं चिकटवलेलं इंग्रजी

घरात चिठ्ठ्या लावायच्या, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कुणाचं वाईट व्हावं असा माझा हेतू नव्हता (माझ्या बहुतेक उद्योगांत नसतो, वाईट आपोआप होतं).

आमचं घर कुरवंड्यात. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बांधून यशोधरानं, म्हणजे माझ्या बायकोनं, होमस्टे काढायचं मनावर घेतलं होतं. वर्षभर ती त्या खोल्यांच्या मागे होती. रंग तिनं निवडला, पडदे तिनं शिवले, ग्रामपंचायतीत खेटे तिनं घातले. (मी नैतिक पाठिंबा दिला.) आता बुकिंगवाल्या कंपनीच्या एक बाई बंगळूरहून तपासणीला येणार होत्या. बाईंनी पास केलं की आमचं घर त्यांच्या साइटवर चढणार. नापास केलं तर पुढची तपासणी वर्षानं, म्हणजे पावसाळ्याचा सगळा सीझन गेला. "या खेपेला नाही झालं, तर मी परत हिंमत करणार नाही," असं यशोधरा म्हणाली होती, आणि ते ती हसत म्हणाली नव्हती.

बाईंना मराठी येत नव्हतं. इथे माझा प्रवेश होतो.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सिनिअर क्लार्क आहे आणि इंग्रजी हा माझा प्रांत आहे. 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला आणि 'ॲडव्हाइज' म्हणजे सल्ला देणे, हा फरक मी एकदा मॅनेजरसाहेबांना भर मीटिंगमध्ये समजावून सांगितला होता. तेव्हापासून मला मीटिंगला बोलवत नाहीत.

"तुझं इंग्रजी ठीक आहे," मी यशोधराला म्हणालो, "पण सारखे दिसणारे शब्द तू गोंधळात घालतेस. परवा त्या टूरिस्टांना तू स्वतःला 'कुकर' म्हणालीस."

"मग? त्यांना जेवण मिळालं ना?"

"कुक म्हणजे माणूस. कुकर म्हणजे भांडं."

"त्यांनी मला शिट्ट्या मोजायला नाही लावल्या," ती म्हणाली आणि गाद्या उन्हात टाकायला निघून गेली.

मी मात्र ऑफिसातून जाड कोरी कार्डं आणली (एरवी तशीच पडून होती) आणि ठळक इंग्रजीत चिठ्ठ्या लिहिल्या. शेगडीमागे 'हा कुकर आहे', एप्रनच्या खुंटीवर 'ही कुक आहे'. पाहुण्यांच्या खोलीबाहेर 'प्लीज बी क्वाएट', म्हणजे शांतता राखा. आणि बंबावर त्याचं जुळं भावंड, 'क्वाइट हॉट', म्हणजे चांगलंच गरम. वाळवंटाच्या एक 'एस'वाल्या डेझर्टशी घोळ होऊ नये म्हणून खिरीच्या पातेल्यावर दोन 'एस'वालं 'डेझर्ट: हे सगळ्यांना दुसऱ्यांदा हवं असतं'. माझी सगळ्यात आवडती जोडी होती 'हार्ड' आणि 'हार्डली'. भल्याभल्यांना वाटतं की दोन्हींचा अर्थ कष्टानं असाच. म्हणून माझ्या फोटोखाली मी लावलं, 'धिस मॅन वर्क्स हार्ड', हा माणूस घाम गाळतो. शेजारी यशोधराच्या भावाचा, अतुलचा, लग्नातला फोटो होता. त्याखाली लावलं, 'धिस मॅन हार्डली वर्क्स', हा माणूस जवळजवळ कामच करत नाही. (उदाहरण नेहमी ओळखीचं द्यावं.)

बाबासाहेबांच्या फोटोच्या भिंतीवर मात्र मी एकही चिठ्ठी लावली नाही. इंग्रजीच्या बाबतीत त्या भिंतीला माझ्याकडून शिकण्यासारखं काही नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मी रजा काढली. यशोधरा पहाटेपासून पाणी भरत होती, चादरी बदलत होती, भाकऱ्या थापत होती. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्वागताचं भाषण पाठ करत होतो. विचार नीट जुळावेत म्हणून बाहेरच्या दिवाणावर पाच मिनिटं पाठ टेकली. ती पाच मिनिटं जीपच्या हॉर्ननं संपली.

डोळे उघडले तर समोरच्या भिंतीवर एकही चिठ्ठी नव्हती.

"आई, चिठ्ठ्या कुठंयत?"

माझी आई, हिराबाई, हातात खळीची वाटी घेऊन उभी होती. मराठी वाचायला ती साक्षरतेच्या वर्गात शिकली; इंग्रजी तिला येत नाही आणि त्याची तिला खंतही नाही.

"काडल्या की. धड भितीवर कागुद कशापायी लावायचा? पाव्हनी यायची म्हून मी त्या बरुबर जागी लावल्या."

"बरोबर म्हणजे?"

"जितं जितं भोक व्हतं तितं. पोपडं निगालं व्हतं, जाळी फाटली व्हती, समदं झाकलं बग. जाड कागुद हाय, लय कामाचा." मग तिनं वाटीत पाहिलं. "येक कमी पडली खरी. खळ लावून ठिवलेली, कुटं गेली काय म्हाईत."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. बाई जीपमधून उतरल्या होत्या. हातात फाइल, चेहरा करडा, परीक्षकाचा. मी भाषण सुरू केलं, "रिस्पेक्टेड मॅडम," आणि त्याच वेळी आमचा कोंबडा आरवला. बाईंनी तिकडे पाहिलं. खुराड्याच्या फाटक्या जाळीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्लीज बी क्वाएट'. कोंबडा चिठ्ठीच्या वरून मान काढून पुन्हा आरवला.

बाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. उरलेलं भाषण मी गिळलं.

त्या घरात गेल्या. फ्रिजच्या गंजलेल्या दारावर होतं, 'क्वाइट हॉट'. आईनं बांधलेल्या एप्रनला भोक होतं. त्यावर होतं, 'हा कुकर आहे'. पाट्याजवळच्या भिंतीत भेग होती, तिथे वरवंट्याच्या बरोबर वर, 'हा माणूस घाम गाळतो'. बाई प्रत्येक चिठ्ठीपाशी थांबत होत्या, वाचत होत्या, लिहीत होत्या. यशोधराचा चेहरा उतरत चालला होता. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. वर्षभराच्या कष्टांवर मी शाई सांडली होती, आणि मला खरोखर रडू येईल असं वाटलं.

मग बाई संडासात गेल्या. आठवड्यापूर्वी त्या दाराची खिटी निघाली होती आणि तिथे भोक पडलं होतं. बाईंनी आतून दार लावलं, तेव्हा मला बाहेरून चिठ्ठी दिसली. 'डेझर्ट: हे सगळ्यांना दुसऱ्यांदा हवं असतं.'

बाहेर आल्यावर त्यांनी ती वाचली. खांदे हलायला लागले. फाइल खाली पडली. बाई ओसरीवरच्या खांबाला धरून हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि परत हसत होत्या. आईला वाटलं, त्यांना चक्कर आली. तिनं त्यांना धरून आणून पाटावर बसवलं आणि ताट वाढलं.

"पोटात काय न्हाई पोरीच्या. खा बाय."

इंद्रायणीचा भात, तांदळाची भाकरी, पावट्याचा रस्सा. बाई दोनदा 'इनफ' म्हणाल्या. आई दोन्ही वेळा "व्हय व्हय" म्हणाली आणि वाढत राहिली. तिसऱ्या वेळी बाईंनी स्वतःच ताट पुढे केलं. यशोधरा समोर बसली आणि तिच्या त्या गोंधळलेल्या इंग्रजीत खोल्या कशा बांधल्या ते सांगू लागली. स्वतःला ती पुन्हा 'कुकर' म्हणाली. बाईंना सगळं समजलं. मी तीनदा दुरुस्ती करायला तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा आईनं माझ्याच पानात भाकरी टाकली.

जेवण झाल्यावर बाईंनी सही केली. पास. शंभर घरं तपासली, म्हणाल्या, सगळीकडे तेच फोटो आणि तीच वाक्यं. पोट दुखेपर्यंत हसवणारं घर हे पहिलंच. खोल्या स्वच्छ, जेवण उत्तम, आणि या गमतीच्या चिठ्ठ्या अजिबात काढायच्या नाहीत. यशोधरानं आईला मिठी मारली. दोघी एकदम रडायला लागल्या, आणि मला इतका आनंद झाला की मोठेपणा घेतल्याशिवाय राहवेना.

"आयडिया माझी," मी बाईंना इंग्रजीत सांगितलं. "एकेका शब्दामागे माझी मेहनत आहे." आणि रुबाबात वळून त्यांची फाइल उचलायला वाकलो.

मागून बाईंचं हसणं पुन्हा सुरू झालं. मोबाइलचा क्लिक ऐकू आला, मग आणखी एक.

यशोधरानं पुढे येऊन माझ्या पाठीवरून काहीतरी टर्रकन ओढून काढलं. दिवाणावर आईनं खळ लावून, ओली बाजू वर करून ठेवलेली ती हरवलेली चिठ्ठी होती. सकाळी झोपेत कूस बदलून मी पाठ टेकली होती ती हिच्यावरच. 'धिस मॅन हार्डली वर्क्स.'

"तू पाहिली होतीस?" मी विचारलं.

"सकाळीच. वाचायला वेळ होता, काढायला नव्हता."

तो फोटो आता साइटवर आमच्या घराचा पहिला फोटो आहे. खोल्या दिवाळीपर्यंत भरल्यात. येणारे पाहुणे आधी कोंबडा बघतात, मग मला वळायला सांगतात.

त्या दिवशी बाईंची जीप गेल्यावर आईनं ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "काय लिवलंय गं हिच्यावर?"

यशोधरानं अर्थ सांगितला.

आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग चिठ्ठी माझ्या हातात देत म्हणाली, "मंग यवडी येकच बरुबर जागी लागली व्हती की."