तासाला एकशे चाळीस विटा

बांधकामाची उत्पादकता मोजायला अक्कल लागत नाही, घड्याळ लागतं! असं मी मीटिंगमध्ये छाती फुगवून बोललो आणि मोठ्या साहेबांनी लगेच स्टॉपवॉच माझ्या गळ्यात अडकवलं.

"आपले मिस्त्री तासाला साठ विटा लावतात. आज आकडा वाढला नाही, तर उद्यापासून तुम्ही घरी!"

घरी बायको असते आणि ती मोठ्या साहेबांपेक्षा कडक आहे.

चौथ्या मजल्यावर सामानाच्या खोलीची एकच भिंत बाकी होती, जेमतेम चार फूट रुंद. मिस्त्रीकाका ती बाहेरून बांधणार होते. समोर उभा राहिलो तर बिचारे बुजतील, म्हणून मी आत जाऊन उपड्या घमेल्यावर बसलो आणि बटण दाबलं. एक वीट, एक रेघ. दुसरी वीट, दुसरी रेघ. काय तो वेग! मी मान खाली घालून नुसता रेघा ओढत होतो. शंभराव्या विटेला मला हसू फुटलं. एकशे तिसाव्या विटेला कागद दिसेना.

मान वर केली. भिंत डोक्याच्या वर गेली होती!

"काका! दार कुठंय?"

"दाराची जागा सोडली तर विटा कमी भरतात, साहेब!"

"अहो, मी आत आहे!"

"ठाऊक आहे ना! पण घड्याळ चालू आहे. थांबलो आणि आकडा पडला, तर माझी सुट्टी!" काकांचा आवाज माझ्याइतकाच कापत होता. हात मात्र थांबत नव्हता.

चढावं, तर ओली भिंत अंगावर येणार. बसून राहावं, तर वरची वीतभर फटही बुजणार! तेवढ्यात मोठ्या साहेबांचे बूट वाजले.

"साहेब, वाचवा! भिंत पाडा!"

"एकशे चाळीस! शाब्बास!" साहेब बाहेरून खूश. "आणि पाडायची कशी? तोडलेलं काम आकड्यातून वजा, हा नियम तुम्हीच फळ्यावर लिहिलाय. तास पुरा होऊ द्या, आकडा लिहू, मग पाडू. किती मिनिटं राहिली?"

चार-पाच असतील, या आशेने मी घड्याळ फटीतल्या उजेडात धरलं. घाबरून माझा अंगठा बटणावर दाबला गेला होता. तास पुन्हा शून्यापासून सुरू झाला होता!

"एकोणसाठ, साहेब," मी रडवेल्या आवाजात म्हणालो.

'पाच' म्हणालो असतो, तर बाहेर कुणाला काय कळणार होतं? पण हे मला सुचलं चाळिसाव्या मिनिटाला.