कमिशनरसाहेब येणार म्हणून

२०१९ सालचा एप्रिल. सकाळी नऊलाच सोलापूरचं ऊन तापलं होतं आणि जुळे सोलापुरातल्या सिद्धकृपा अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर ॲडव्होकेट वैजयंती एका पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

"काशम्मा, भेगा कुठं आहेत?"

"बुजवल्या की!" काशम्मा पदराने हात पुसत म्हणाल्या. "व्हाइट सिमेंट भरलं, वरून दोन हात रंग. बघा, कुटं पत्ता लागतोय का."

पत्ता लागत नव्हता, हीच तर अडचण होती.

वैजयंती बांधकामाचे दावे लढवत. गळणारी छतं, तिरके जिने, नकाशात असलेलं आणि जागेवर नसलेलं पार्किंग, असल्या कामात दहा वर्षं त्यांनी सिनियरच्या मागे फायली धरल्या होत्या. सिद्धकृपाचा दावा हा त्यांचा स्वतःचा पहिला. चार वर्षांच्या या इमारतीची, बाहेरून टाइल्सनी झाकलेली मागची भिंत आतून वरपासून खालपर्यंत तडकली होती. पावसाळ्याआधी आधार दिला नाही तर गॅलऱ्या खाली येतील, असं इंजिनियरने बजावलं होतं. बिल्डर युवराजशेठने मात्र कोर्टात लिहून दिलं होतं, की इमारतीत एकही भेग नाही आणि दाखवलेले फोटो दुसऱ्याच कुठल्या इमारतीचे आहेत.

तेव्हा कोर्टाने एक निवृत्त इंजिनियर, आबासाहेब, यांना कमिशनर नेमलं. त्यांनी एकदाच जायचं, डोळ्यांना दिसेल ते लिहायचं, भिंत फोडायची नाही. मेच्या सुट्टीआधी कोर्टात सुनावणीची एकच तारीख उरली होती. आबासाहेब आज दहा वाजता येणार होते.

"तुमीच मोबाईलवर लिवलं न्हवं का," काशम्मांचे यजमान शिवपुत्र चष्मा सावरत म्हणाले, "कमिशनरसाहेब येणार, सर्वांनी तयारीत राहावे म्हणून?"

"अहो, तयारीत म्हणजे घरी हजर राहा!"

"आणि घर तसंच ठेवायचं व्हय?" काशम्मांना ते पटेचना. "आमच्या वळसंगला नुसता तलाठी येणार म्हटलं तरी माझी सासू पार रस्त्यापतूर सारवायची. हे तर कोर्टाचं माणूस! भिंतीला भगदाड दाखवून त्येला चहा पाजू?"

त्या पिढीच्या बायकांचं तसंच होतं. वर्षातून एकदा साहेब गावात यायचा. त्याच्या डोळ्यांना आपलं उणं दिसू द्यायचं नाही, हे त्यांच्या हातातच बसलेलं होतं. शहरात येऊन तीस वर्षं झाली, फ्लॅट घेतला, लिफ्टने वरखाली करायला शिकल्या, पण हात तेच राहिले.

"बाकीच्या घरांत तरी..." वैजयंतींनी आशेने विचारलं.

"सगळ्यांनीच केलंय. उरलेलं सिमेंट मीच वाटलं."

वैजयंती मटकन खुर्चीत बसल्या. साडेनऊ झाले होते.

"खरवडून काढू?" शिवपुत्रांनी उलथनं आणलं.

"हात लावू नका! आज खरवडलं तर भेगा आपणच पाडल्या म्हणतील."

"मग पाणी मारू. ओल आली की दिसंल."

"या उन्हात? दोन मिनिटांत वाळेल."

"मग छिन्नी..."

"काका, गप्प बसा!"

शिवपुत्र उलथनं घेऊन स्वयंपाकघरात गेले. आतून त्यांचा आवाज आला, "पावसाळ्यात पोरीकडं करकंबला जाऊ म्हणं. भिंत पडली तर पडली." त्यावर काशम्मांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. हे घर त्यांनी आयुष्यभर शिलाई मशीन चालवून उभं केलं होतं. आपण काय करून बसलो, ते आता त्यांच्या ध्यानात आलं.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "मी केस घालवली का वो?"

तेवढ्यात खाली गाडी थांबली.

आबासाहेब वर आले ते वही आणि टेप घेऊन. मागोमाग युवराजशेठ, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांचे वकील दुसऱ्या एका केसच्या तारखेला पंढरपूरला गेले होते आणि जाताना बजावून गेले होते, की शेठ, तोंड उघडू नका.

"बर्री साहेब, कूडरी," काशम्मांनी घाबरून कानडीतच खुर्ची पुढे केली. आबासाहेब बसले नाहीत. भिंतीवरून त्यांनी तळहात फिरवला, मग चष्मा काढून जवळून बघितलं.

"भिंत तर चांगली दिसते," ते म्हणाले आणि लिहू लागले.

युवराजशेठ गालातल्या गालात हसत होते.

"फिनिशिंग तर झकासच आहे," आबासाहेब सहज पुढे बोलले. "चाळीस वर्षं साइटवर गेली माझी, असा हात क्वचित बघितला. कुणाचं काम?"

युवराजशेठला कुणी चांगलं म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांना राहवलं नाही.

"आपलंच की साहेब! माझीच माणसं लावली. तक्रार आली की आपली सर्व्हिस अशी असते."

"कुणाची माणसं?" काशम्मा ताडकन पुढे आल्या. "ह्या हातानं केलंय मी! दोन दिस स्टुलावर उभी व्हते, कंबर धरलीय अजून!"

"काशम्मा..." वैजयंतींनी त्यांचा दंड धरला.

"सोडा वो! ह्यो माजं काम स्वतःच्या नावावर लावतोय!"

"मावशी, कशाला खोटं बोलता?" युवराजशेठही पेटले. "सोळा भेगा भरल्या माझ्या माणसांनी!"

"सोळा न्हवं, एकोणीस! देवघरामागची तर बोट जाईल एवढी व्हती!"

"ती पण आम्हीच भरली!"

वैजयंतींचा काशम्मांच्या दंडावरचा हात आपोआप सुटला. आबासाहेबांचं पेन थांबलं होतं.

"एक मिनिट, शेठ. तुम्ही तर कोर्टात लिहून दिलंय, की या इमारतीत एकही भेग नाही?"

वकिलांचं बोलणं युवराजशेठना आता आठवलं.

आबासाहेबांनी लिहिलं: भेगा आज दिसत नाहीत. त्या होत्या, याबद्दल दोन्ही पक्षांचं एकमत आहे. वाद फक्त त्या कुणी बुजवल्या एवढाच आहे.

सुट्टीआधीच्या तारखेला बिल्डरने आधार द्यावा असा हुकूम झाला आणि पावसाच्या आधी मागच्या भिंतीला लोखंडी आधार लागले. पुढे ती भिंत बिल्डरला नव्याने बांधून द्यावी लागली.

युवराजशेठ आता बार्शी रोडला साइट चालवतात आणि तपासणीच्या दिवशी स्वतः फिरकत नाहीत. आबासाहेब पुण्याला लेकाकडे राहायला गेले. वैजयंतींचं स्वतःचं ऑफिस झालं. प्रत्येक पक्षकाराला त्या पहिली सूचना देतात, की साहेब येईपर्यंत घरात झाडूसुद्धा मारू नका. शिवपुत्र तीन वर्षांपूर्वी गेले, त्याच घरात, नव्या भिंतीशेजारच्या पलंगावर.

काशम्मा आहेत. बिल्डरच्या माणसांनी दिलेला रंग त्यांना पसंत पडला नाही म्हणून शेवटचा हात त्यांनी स्वतःच मारला. निकालपत्र कुठल्या तरी ट्रंकेत आहे. देवघरात मात्र कमिशनरच्या अहवालाचं एक पान काचेत लावलंय. त्यात एकाच ओळीखाली कुंकवाची रेघ आहे: रंगकाम उत्तम.