घरच्या संत्र्याला सूट

नत्थुजींच्या रक्तात पोटॅशियम वाढल्याचं सोमवारी सकाळी अकराला कळलं आणि साडेअकराला घरात बैठक बसली. मुलगा गजेंद्र अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात अधीक्षक. अठरा वर्षांत एवढी तत्परता त्याने कुठल्याच कामात दाखवली नव्हती, पण शेवटी बाप तो बाप.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर सगळं स्वच्छ लिहून दिलं होतं. मूत्रपिंडं थकली आहेत. संत्री, मोसंबी, केळी, टमाटे, नारळपाणी पूर्ण बंद. वांगं, पत्ताकोबी, दुधी बेतानं चालेल. "पोटॅशियम आणखी चढलं तर हृदय बंद पडू शकतं," हे तोंडी सांगितलं. नत्थुजींची पाचावर धारण बसली, पण वांग्याचं नाव ऐकून ते जरा सावरले. भरीत-भाकर मिळणार असेल तर बाकीचं सोसता येईल, असा त्यांनी मनाशी हिशेब केला.

गजेंद्रने 'आहार नियंत्रण आदेश' काढून फ्रिजवर चिकटवला. त्याची प्रत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, हरकती व सूचना मागवून. तिथेच घात झाला.

पहिली हरकत अकोल्याहून आली, नत्थुजींच्या बहिणीची. गोदाबाईंनी सरळ फोनच लावला. "वांगं खाता? बाप्पा! वांग्यानं माह्या सासूचे गुडघे गेले दादा!"

"अवं गोदे, मले गुडघ्याचा आजार नाही."

"मंग आता करून घ्याचा हाय का?"

वांगं आदेशातून वगळण्यात आलं.

पत्ताकोबी नत्थुजींच्या बायकोच्या, सुभद्राबाईंच्या थायरॉइडपायी गेली. त्यांना ती कुणीतरी नको म्हणून सांगितली होती, आणि नवऱ्याला एक नियम, बायकोला दुसरा, असं केलं तर अंमलबजावणी अवघड जाते, असं गजेंद्रचं मत पडलं. राहता राहिला दुधी. कुणाच्या तरी साडूला कडू दुधी बाधल्याचं ग्रुपवर आलं. साडूचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे खात्री करता येईना, आणि खात्री नाही म्हणून धोका पत्करता येईना. गुरुवारपर्यंत 'चालेल' हा रकाना पार कोरा झाला.

नत्थुजींच्या ताटात भात आणि पाण्यात हळद विरघळवल्यागत वरण उरलं. "उपाशी मारून राह्यले का रे मले?" ते म्हणाले. घरात कुणी ते मनावर घेतलं नाही, कारण सगळे त्यांच्या काळजीत होते.

शुक्रवारी चांदूर बाजारच्या घरच्या बागेतून मृग बहाराची दोन क्रेट संत्री आली. सून आरती म्हणाली, "बाबा लय अशक्त झाले. रस काढू का?"

"चिठ्ठीत संत्रं बंद हाय ना?" नत्थुजींनी विचारलं.

"ते बजारातलं, बाबा. हे आपलं हाय," गजेंद्र म्हणाला. "तुमी सोता लावलेलं झाड तुमाले कायले मारीन?"

लगेच शुद्धिपत्रक निघालं : 'संत्री' म्हणजे विकतची संत्री असे वाचावे, घरच्या संत्र्याला सूट. आपल्यासारखं संत्रं तालुक्यात नाही, असं नत्थुजींनी चाळीस वर्षं व्यापाऱ्यांना छाती ठोकून सांगितलेलं. आता तेच आपल्याला बाधेल, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्यांनी ग्लास रिकामा केला. शुक्रवारी तीन, शनिवारी तीन; गजेंद्रने फाईलीत नोंद ठेवली.

रविवारी त्यांचे हातपाय लुळे पडले आणि छाती भलत्याच तालावर धडधडू लागली. दवाखान्यात गजेंद्रने आदेशाची फाईल पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी पहिलंच पान उघडलं.

"रोज तीन ग्लास संत्र्याचा रस?"

"घरची होती मॅडम. बिनाफवारणीची."

बाईंनी फाईल मिटली. मग डायलिसिसच्या तयारीला आत गेल्या.

बाहेर बाकड्यावर चौकशी बसली. अकोल्याहून पहिल्या गाडीने आलेल्या गोदाबाईंचा प्रश्न बिनतोड होता : एवढं परहेज पाळून वाढलं कसं? तेव्हा सुभद्राबाईंना हुंदका फुटला. बुधवारी दुपारी त्यांनी चोरून दोन घास भरीत चारलं होतं. "मले त्यायचं उपाशी तोंड पाहवलं नाही," त्या रडत म्हणाल्या. जबाबदारी निश्चित झाली. गजेंद्रने वेळेसह नोंद घेतली.

नत्थुजी वाचले, हे डॉक्टरीणबाईंचं नशीब. नाहीतर दोष त्यांच्याही माथी आला असता. त्यांनी दारावर माणूस बसवला आणि बजावलं : ज्याला ज्याला पेशंटसाठी काही सुचतंय, त्याला आत सोडायचं नाही. बाकडं लगेच भरलं.

तुम्ही नत्थुजींना ओळखतही नाही. तरी एवढं वाचताना, त्यांना नुसतं अमुक एक द्यायला हवं होतं, असं तुमच्या मनात आलंच ना?

मग सरका म्हणावं गोदाबाईंना, आणि बसा.