नारायणरावांचा इस्टोव्हर

नारायणराव उमरकर वकील माझ्या डबीतली तंबाखू न विचारता उचलत आणि वर म्हणत, "इस्टोव्हर!"

पांढरकवड्याच्या कोर्टात आम्ही दोघंही वकिली करत होतो. विदर्भ तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. रद्दीत निघालेल्या कायद्याच्या एका जुन्या पुस्तकात त्यांना हा शब्द सापडला. जुन्या इंग्लंडात कुळाला मालकाच्या रानातून गरजेपुरतं लाकूड नेता येई. चुलीपुरतं, नांगरापुरतं, कुंपणापुरतं. त्या हक्काचं नाव इस्टोव्हर. पण नारायणरावांनी त्या शब्दाला पार वेठीला धरलं. शेजाऱ्याचा कढीलिंब तोडला, इस्टोव्हर. पंगतीतले दोन लाडू धोतराच्या सोग्यात बांधले, इस्टोव्हर. "गरजेपुरतं घेतलं न बाप्पा, चोरी कायची?"

एकदा जंगलखात्याच्या शिपायानं तांड्यावरची एक म्हातारी सरपणाच्या मोळीसकट पकडून आणली. नारायणरावांनी मॅजिस्ट्रेटसाहेबांना इंग्लंडची सगळी रानं फिरवून आणली. साहेबांना हसू आवरेना. म्हातारी नुसत्या ताकिदीवर सुटली. त्या दिवसापासून तांड्यांवरची माणसं माझ्या टेबलाला वळसा घालून त्यांच्याकडे जाऊ लागली. मी नागपूरहून पहिल्या वर्गात वकिलीची परीक्षा पास झालेला! माझा नुसता जळफळाट झाला.

मी नागपूरहून कायद्याचा जाडजूड शब्दकोश मागवला. त्यात एक अर्थ असा निघाला, की जो नारायणरावांनी कधी उच्चारला नव्हता. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायकोला त्याच्या मिळकतीतून मिळणारी पोटगी, तीही इस्टोव्हरच. नारायणरावांची बायको बाभुळगावला भावाकडे राहते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाररूम भरलेली पाहून मी तो अर्थ मोठ्यानं वाचून दाखवला.

"हा तुमच्या नजरेतून सुटला वाटतं, नारायणराव?"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"सुटते कायले? पहिले तोच वाचलो मी. पैसे धाडले त तिनं वापस केले. म्हणे, तुम्ही घरात बी माही उलटतपासणी करत होते, आता मले तुमचं काही नको. मंग दरसाल दिवाळी झाली का गाडीभर लाकूड धाडतो. वायलं, खडखडीत सुकलेलं, धावड्याचं. त्याचा धूर कमी होते, अन् तिले दमा हाय." मग बशी पुन्हा उचलत म्हणाले, "लाकूड ठेवून घेते ते. वापस नाही करत."

मी पुस्तक मिटलं.

घरी आलो तर बायको चुलीत फुंकर घालत होती. डोळे लाल झाले होते.

"आपल्याकडे लाकूड कोणतं येतं?" मी विचारलं.

"बाभळीचं. ओलं असते," ती खोकत म्हणाली. "आज काहून विचारून राह्यले?"

ज्याला बायको सोडून गेली, त्या माणसाचा मला इतका हेवा वाटला, की तेवढा त्याच्या वकिलीचाही कधी वाटला नव्हता.