नियोजन वहीची निवड आणि गगनबावड्याचा खाडा

ज्या घराच्या आठवड्याला आराखडा नाही, त्या घराला भवितव्य नाही. हे सत्य आमच्या शिवाजी पेठेला १९९९ सालच्या जानेवारीत कळलं. त्याआधी पेठ कशी काय चालली, याचा उलगडा अजून झालेला नाही.

तोवर आमचा सगळा कारभार स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चालायचा. पद्धत सोपी होती. दूध आलं, भांडेवाली आली, तर काहीच लिहायचं नाही. आलं नाही तर त्या तारखेवर फुली मारून 'खाडा' लिहायचं. कोरा चौकोन म्हणजे सगळं सुरळीत. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं याच पद्धतीनं घर चालवलं आणि नियोजन हा शब्द न ऐकताच त्या गेल्या.

मग माझी सून सौंदर्या पुण्याच्या माहेराहून संक्रांतीला एक नियोजन वही घेऊन आली. तिनं मला विचारलं, "आत्या, यंदा काय काय करायचं ठरवलंय?"

माझं काम एकच होतं. माझी थोरली बहीण चन्नम्माक्का गगनबावड्याला राहायची. तिला काचबिंदू झाला होता आणि उरलेली नजर वर्षभर टिकली तर टिकली, असं डॉक्टर म्हणाले होते. अक्कानं निरोप धाडला होता, "दिसतंय तवर तोंड दाखवून जा." एसटीनं दोन तासांची वाट. मी दुसऱ्या दिवशी निघणारच होते, पण सौंदर्या म्हणाली, "असं उठून जायचं नसतं. आधी प्लॅनिंगमध्ये घेऊ." अशा रीतीनं दोन तासांवरचं गगनबावडा शास्त्रशुद्ध अंतरावर गेलं.

वही कोणती घ्यावी, हा प्रश्न एका घराला पेलणारा नव्हता. तो गल्लीतल्या महिला मंडळापुढं गेला. अध्यक्षा चिमणाबाई (सलग चार वेळा बिनविरोध, कारण विरोध करणारीला चहाचा खर्च करावा लागे) यांनी 'नियोजन वही निवड समिती' नेमली. बैठक दर रविवारी दुपारी चारला. प्रत्येक वहीची चाचणी एकाच खऱ्या कामावर घ्यायची ठरलं आणि त्यासाठी माझी अक्का एकमतानं निवडली गेली. मला तेव्हा अभिमान वाटला.

पहिली वही पतसंस्थेची, फुकटची. तिच्या पहिल्या सतरा पानांवर संचालकांचे फोटो होते, त्यामुळं वर्ष अठराव्या पानावर सुरू व्हायचं. शिवाय उपाध्यक्षांच्या चेहऱ्यासमोर बसून घरखर्च लिहिताना हात आखडतो, असं दोन सभासदांनी लेखी कळवलं.

दुसरी वही खताच्या दुकानाची. हिच्यात प्रत्येक आठवड्याला उसाला काय घालावं ते छापलं होतं. खर्चाचा तक्ता मात्र एकरी होता. माझं जाण्यायेण्याचं तिकीट आम्ही त्यात बसवून पाहिलं. अक्काचं अंगण दीड गुंठ्याचं धरून एकराचा हिशेब केल्यावर ते बाराशे साठ रुपयांवर गेलं. समितीनं खर्च अवाजवी ठरवून सहल पुढं ढकलली.

पुण्याची वही सगळ्यात देखणी. तिच्यात 'स्वतःसाठी वेळ' असा रकाना होता. त्यात काय भरायचं असतं यावर तीन रविवार चर्चा झाली आणि अखेर तिथं धोब्याचे कपडे लिहावेत असं ठरलं. मोठा दोष निराळाच होता. वहीत रविवारला शनिवारबरोबर अर्धी जागा दिली होती. ज्या पेठेत रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग आणि संध्याकाळी फुटबॉलचा वाद असतो, तिथं रविवार अर्ध्या चौकोनात मावत नाही. (आम्ही शाकाहारी लिंगायत, पण न्यायाची बाजू म्हणून मीही हात वर केला.) पावण्यांसाठी तर रकानाच नव्हता. पुण्यात ते येत नसावेत.

मार्चमध्ये अक्कानं शेजारच्या एसटीडी बूथवरून फोन केला. कधी येतीस, म्हणाली. मी सांगितलं की ठरवतोय.

"ठरवायला काय हाय त्यात? स्टँडवर जा. गाडी लागलेली असतीया. बस तीत."

ही सूचना मी समितीपुढं ठेवली. चिमणाबाईंनी ती इतिवृत्तात घेतली आणि 'अव्यवहार्य' असा शेरा मारला, कारण अक्काची मुलं रविवारीच घरी असत, म्हणून जायचं तर रविवारीच, आणि रविवारी बैठक. बैठक बुडवावी तर ज्या कामाची चाचणी चालू आहे तेच काम परवानगीशिवाय उरकल्यासारखं झालं असतं. चिमणाबाई म्हणाल्या, "तू जाऊन आलीस तर आम्ही तपासायचं काय?" जूनमध्ये पाऊस लागला. गगनबावड्याचा पाऊस सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळं चार महिने चाचणीला आपोआप मुदतवाढ मिळाली.

एकोणीस डिसेंबरला पुण्याचीच वही पक्की झाली. दुकानदारानं तेवीस प्रती पाव किमतीत दिल्या. पंचाहत्तर टक्के बचत, म्हणजे नियोजनाचं पहिलं फळ, असं चिमणाबाईंनी अहवालात लिहिलं. वर्ष संपायला बारा दिवस उरले होते, याकडं मी लक्ष वेधलं.

"मग मागचं लिवायचं," त्या म्हणाल्या. "मागचं चुकत न्हाय."

खरोखरच चुकलं नाही. आठवडाभरात तेवीसही घरांत नियोजन आणि प्रत्यक्ष यांचा मेळ शंभर टक्के बसला. मी जुन्या सवयीनं फक्त न झालेलं लिहिलं. एक्कावन्न आठवडे, एक्कावन्न नोंदी: गगनबावडा, खाडा. सर्वांत नेटकी वही म्हणून मला स्टीलचा डबा मिळाला.

वर्षाच्या शेवटच्या शुक्रवारी मी कुणाला न विचारता स्टँडवर गेले. गाडी लागलेली होती. मी बसले तीत.

अक्का दारात खुर्ची टाकून उन्हाला बसली होती. मी समोर उभी राहिले. "कोण हाय?" तिनं विचारलं. मी बोलले तशी तिनं हात माझ्या तोंडावरनं फिरवला आणि म्हणाली, "वाळलीस की गं." नजर श्रावणात गेली होती.

मी सोबत वही नेली होती, बक्षीस मिळवलेली म्हणून. तिनं पानं बोटांनी चाचपली. "काय लिवलंयस एवढं?" मी सगळं वाचून दाखवलं. वेळ लागला नाही. मजकूर एकच होता.

"आणि आजचं?"

मी म्हटलं, आलं ते लिहायचं नसतं.

"मग ऱ्हाऊ दे कोरं," अक्का म्हणाली.

वाचकांनी आमच्या समितीला हसू नये. आमचे खाडे निदान लेखी आहेत. तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर एकदा बघा. कुणाच्याच नावानं फुली नसेल, सगळे चौकोन कोरे असतील. म्हणजे पद्धतीप्रमाणं तुम्ही सगळ्यांना भेटून आलेला आहात.